टर्बो कुठं बसवलाय, दाखव की

भावा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २०१४ ची पांढरी स्विफ्ट व्हीडीआय सेकंडहँड घेतलीस. हातात ८० हजार आहेत आणि सोबत एक यादी: १७ इंची अलॉय, मागं रेसिंगवाला उंच स्पॉयलर, बॉनेटवर स्कूप, फटाके फोडणारा सायलेन्सर, निळे एचआयडी (वायूच्या नळीत पेटणारे झगझगीत) लाइट, काळी फिल्म, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणे आणि खालून अंडरग्लोचे दिवे. वर लिहितोस, ‘रंकाळ्यावरून गेली की लोकांनी वळून बघितलं पाहिजे, पण छपरी दिसायला नको. कुठल्या क्रमानं करू?’

वळून बघतील, त्याची काळजी सोड. यादीतलं निम्मं केलंस तरी बघतील. बघून काय म्हणतील तेवढंच सांगायला बसलोय. १९९८ पासून ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतोय, उद्यमनगरात स्वतःचं गॅरेज आहे, आणि माझ्याकडं येणाऱ्या कामांत एक मोठा वाटा असतो तो दुसऱ्यांनी बसवलेलं काढण्याचा.

एक गोष्ट आधीच. ‘छपरी’ हा शब्द मी गॅरेजात कुणाला वापरू देत नाही. छप्परं शाकारून पोट भरणाऱ्या छप्परबंद समाजाच्या नावाशी तो जोडलेला आहे, आणि पावसात दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर घालणाऱ्या माणसाचा प्लॅस्टिकच्या स्पॉयलरशी काय संबंध? हसायचं तर गाडीला हसू. गाडीला जात नसते, आणि आपण हसतोय हे तिला कळतही नाही.

आणि हसायला सुरुवात माझ्यापासून करू.

१९९९ साली मी एक जुनी मारुती ८०० घेतली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. आत चार माणसं बसली की चढाला पाचव्यानं उतरून ढकलावं असं वाटायचं. धंद्याला लागून वर्ष झालं होतं, हातात पहिले पैसे होते. पहिला खर्च काय केला असेल? मागच्या काचेवर आडवं, लाल अक्षरांत, ठिणग्या उडणारं ‘टर्बो’ लिहून घेतलं. त्याखाली दोन्ही बाजूंना काळे-पांढरे चौकडे, शर्यतीच्या झेंड्यासारखे. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा. गाडी दारात लावली. आबा आमचे ऑइल इंजिनाच्या कारखान्यात लेथवर होते, तीस वर्षं इंजिनाचे भाग हातानं मापलेला माणूस. ते बाहेर आले, एक चक्कर मारली, वाचलं आणि म्हणाले, “ह्यो टर्बो कुठं बसवलाय? दाखव की.”

मी म्हटलं, “आबा, नुसतं स्टिकर हाय.”

“असं व्हय. मग इंजनाला म्हाईत हाय का ते?”

एवढं बोलून चहाला आत गेले. मी ब्लेड घेऊन संध्याकाळपर्यंत ते स्टिकर खरवडत बसलो. डिंकाचा ‘र्बो’ काचेवर पुढं दोन वर्षं उन्हात चमकायचा.

तेव्हापासून गॅरेजात एखादी सजवलेली गाडी आली की मी तोच प्रश्न विचारतो. ह्याचं काम काय, दाखव की. आणि गंमत बघ, सजावटीला माझा अजिबात विरोध नाही. ट्रकच्या मागं मोर काढलेला असतो, बंपरला काळी बाहुली लटकते, दाराच्या कडेनं वेलबुट्टी फिरते. आपल्या कोल्हापुरात तर रिक्षा अशा नटवतात की रिक्षासुंदरी स्पर्धा भरते. आरसे, गोंडे, पितळी दांड्या, आतल्या छताला मखमल. कुणी म्हणतं का ती रिक्षा भडक आहे म्हणून? भडक आहेच, पण ती नटलेली आहे आणि नटलेय असं मोकळेपणानं सांगते. मोर कधी असं म्हणत नाही की माझ्यामुळं ट्रकचा पिकअप वाढला. तुझ्या यादीतल्या वस्तूंचा घोळ इथं आहे. त्या नटत नाहीत, त्या काम करत असल्याचं सोंग आणतात. स्पॉयलर म्हणतो मी वारा दाबतो, स्कूप म्हणतो मी इंजिनाला हवा पाजतो. आणि काही वस्तू तर सोंग आणता आणता जे खरं काम चालू होतं तेच बंद पाडतात.

जपानमधल्या बोसोझोकू टोळ्यांच्या गाड्यांचे फोटो बघ कधी. सायलेन्सरच्या नळ्या मागून निघून छताच्याही वर आकाशात गेलेल्या, ताकेयारी म्हणतात त्याला, म्हणजे बांबूचे भाले. बघणाऱ्याचं डोकं फिरतं, पण त्यात सोंग नाही. त्याला नळी आकाशात न्यायची होती, त्यानं नेली. अमेरिकेत उलटा प्रकार: पिकअप ट्रकचं नाक वर आणि बूड खाली, वाळूतल्या शर्यतीच्या ट्रकसारखं. ड्रायव्हरला समोरचा रस्ता सोडून आकाश दिसतं. शेवटी नॉर्थ कॅरोलिनानं २०२१ मध्ये त्यावर कायद्यानं बंदी घातली. म्हणजे हे दुखणं फक्त आपल्याकडचं आहे असं समजून लाजू नकोस.

आता तुझी यादी.

स्पॉयलर. शर्यतीच्या गाडीवरचा मागचा पंख उलट्या विमानाच्या पंखासारखा असतो, वाऱ्याच्या जोरावर मागची चाकं जमिनीवर दाबतो. हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी १२० ला जेवढा असेल त्याच्या चौथाई ६० ला, आणि दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळी सहाला आपण ज्या वेगानं सरकतो त्या वेगाला त्या पंखावर बसलेला कावळासुद्धा जास्त दाब देतो. त्यात तुझी स्विफ्ट पुढच्या चाकांवर ओढणारी. ताकद पुढं, वळणं पुढं, ब्रेकचा मुख्य भार पुढं. आणि तू दाबणार मागं! पंख खरंच काम करायला लागला तर मागचा भाग दबून पुढचा हलका होईल, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी त्यांचीच कमी होईल. सुदैवानं ते चायना प्लॅस्टिक काहीच काम करत नाही. डिकीच्या पत्र्याला भोकं मात्र खरी पडतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यातून गंजाचे ओघळ खाली येतात, कुंकू सांडल्यासारखे.

माझ्या गॅरेजात असा एक पंख भिंतीवर आहे. एकानं काढून घेतला आणि न्यायला परत आला नाही. दोन खांबांचा, चार फुटी, ॲल्युमिनियमचा, मजबूत. आमचा बाब्या त्यावर गाडी पुसायची फडकी वाळत घालतो. बारा फडकी बसतात. माझ्या माहितीत काम करणारा तेवढा एकच स्पॉयलर.

बॉनेट स्कूप. सुबारू इम्प्रेझाच्या टर्बोवाल्या मॉडेलच्या बॉनेटवर नाकपुडी असते, कारण तिचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोकडून आलेली गरम हवा गार करणारी जाळी, इंजिनाच्या वर बसवलेला आहे. त्याला थंड हवा तिथूनच मिळते. काम दाखवता येतं. तू जो आणणार तो दुहेरी चिकटपट्टीनं चिकटतो, आणि त्याच्या खाली पत्रा अखंड असतो. नाक आहे, भोक नाही. एका हुशारानं मला सांगितलं, “काका, खालचा पत्रा कापा, मग खरा होईल.” मी म्हटलं, होईल, आणि जुलैत त्यातून पाणी थेट इंजिनावर पडेल, तेही खरं असेल.

इथंच बॅजांचं उरकून घेतो. ‘एम’ म्हणजे बीएमडब्ल्यूचा शर्यतींसाठी १९७२ साली काढलेला विभाग. ‘एएमजी’ मर्सिडीजचं, ती दोन माणसांची आडनावं आणि एका गावाचं नाव यांची आद्याक्षरं. अल्टोवर हे दोन्ही एकाच वेळी चिकटवलेले मी पाहिलेत, म्हणजे जर्मनीत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन कंपन्या आमच्या उचगावात एका डिकीवर सुखानं नांदतात. आणि तुझ्या बाबतीतली गंमत तुलाच माहीत नसेल. तुझ्या गाडीत १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन आहे, तेच जे मारुतीनं, टाटानं आणि खुद्द फियाटनं आपल्याकडं इतक्या गाड्यांत घातलं की लोक त्याला देशाचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणायला लागले. त्याला टर्बो आहे. खराखुरा. आबांनी विचारलं असतं तर बॉनेट उघडून बोट ठेवून दाखवता आला असता. ज्याच्याकडं नव्हता त्यानं काचेवर लिहिला, आणि ज्याच्याकडं आहे तो नाकपुडी चिकटवायला निघालाय.

चाकं. हा भाग जरा नीट वाच, कारण इथं पैसे पण जातात आणि पाठ पण. तुझ्या व्हीडीआयला कंपनीचा टायर १६५/८० आर १४. म्हणजे टायर १६५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत त्याच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि आतली रिम १४ इंची. पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. आता १७ इंची अलॉयवर २०५/४५ चा टायर घातलास तर व्यास ६१६ येतो, म्हणजे बरोबर जुळतो, पण भिंत उरली ९२. चार सेंटिमीटर रबर गेलं. ते रबर काय करत होतं? खड्डा खात होतं. आता तो खड्डा रिम खाणार, रिमनं सोडला तर बेअरिंग खाणार, आणि उरलेला तुझी कंबर. पावसाळ्यात माझ्याकडं वाकलेल्या रिमा येतात त्या बहुतेक अशाच, ओठ आत दुमडलेल्या, पत्रावळीसारख्या. काही दुकानदार तर ‘फेंडरला घासत नाही’ म्हणून २०५/४० गळ्यात मारतात. त्याचा व्यास ५९६. म्हणजे चार टक्के लहान चाक. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी ९६ नं चालली असेल. वेगवान दिसायला पैसे मोजलेस आणि गाडी हळू झाली. स्वस्त अलॉय वजनाला लोखंडी रिमपेक्षा जड निघतात, ते वेगळंच.

स्प्रिंगा कापणे. ह्यावर मी हसत नाही. कारण सांगतो. स्प्रिंगचा एक वेढा कापला की ती आखूड होते हे पोरांना दिसतं, ती कडक पण होते हे दिसत नाही. काम करणारे पाच वेढे असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग पंचवीस टक्के कडक. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा. त्यामुळं गाडी खाली बसते आणि वर घोड्यासारखी उडते. शिवाय स्प्रिंगचं टोक वाटीत बसेल असं घडवलेलं असतं. ग्राइंडरनं कापलेलं टोक तिथं नीट बसत नाही. स्विफ्टच्या मागच्या बाजूला स्प्रिंग शॉकपासून वेगळी असते. मागच्या वर्षी अशी एक गाडी मी जॅकवर घेतली, चाक लोंबकळलं, आणि स्प्रिंग टणकन खाली पडून घरंगळत बाब्याच्या पायाशी गेली. गाडीच्या मालकानं विचारलं, “हे काय पडलं?” मी म्हटलं, तुझी मागची गादी. हेच स्पीडब्रेकरवर उडताना झालं असतं तर? तो काही बोलला नाही, नवीन स्प्रिंगा मागवायला सांगितल्या.

कंपनीनं तुझ्या गाडीला १७० मिलिमीटर ग्राउंड क्लीअरन्स दिलाय, तो आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरना बघूनच दिलाय असं समज. ते ब्रेकर कुठल्या मापानं घालतात हे ते घालणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

फटाका सायलेन्सर. पेट्रोल गाडीत न जळलेलं पेट्रोल गरम नळीत जाऊन पेटतं, तो फटाका. तुझी डिझेल आहे. डिझेलमध्ये फटाका नसतो, धूर असतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून सरळ नळी घातलीस तर आवाज येईल, पण शर्यतीचा नाही, ऊस भरून निघालेल्या ट्रॅक्टरचा. बंपरला दोन खोट्या चकचकीत नळ्या बसवायचा पर्याय आहे म्हणे. त्याबद्दल मी तुला नावं ठेवणार नाही, कारण हल्ली पन्नास-साठ लाखांच्या जर्मन गाड्यांच्या बंपरमध्येही नळीचा नुसता आकार असतो आणि खरी नळी खाली लाजून वाकलेली असते. सोंग आता फॅक्टरीतूनच येतं. बुलेटवाल्यांच्या पंजाब सायलेन्सरचं काय होतं ते बघितलंच असशील: पोलीस ते रांगेत मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. पेपरात फोटो येतो. त्या फोटोतला आवाज मात्र मला आवडतो.

आता लाइट. हा माझा धंदा, इथं जरा बसू दे.

तुझ्या हेडलाइटमध्ये एच४ बल्ब असतो, ६०/५५ वॅट. त्यातली तार एका ठराविक जागी असते आणि मागचा आरसा त्या जागेच्या हिशोबानं वळवलेला असतो. तिथून निघालेला उजेड रस्त्यावर कुठं पडायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत कुठं जायचा नाही, हे त्या आरशात कोरलेलं आहे. त्यात एचआयडीची नळी घातली की उजेड जवळजवळ तिप्पट, पण उगम सरकला. मग तो सगळीकडं सांडतो. झाडावर, पाटीवर, समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत. तुला वाटतं लई उजेड पडला, आणि समोरचा कठडा शोधत असतो. त्यात निळा! केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, पण त्याचा आकडा जितका मोठा तितका लाइट भारी, असं दुकानदार सांगतो. कंपनीतून येणारे एचआयडी ४३०० केल्विनच्या आसपास असतात, पांढरेच. ८००० ला गेलास की निळसर जांभळा होतो, उपयोगाचा उजेड कमी होतो आणि ओल्या डांबरावर काही म्हणता काही दिसत नाही. निळा उजेड दिसतो छान. त्या उजेडात रस्ता दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैत एक पोरगा गगनबावड्याच्या घाटात अंधारात अडकला. धुकं, पाऊस, आणि दोन्ही हेडलाइट एकदम गेले. रात्र गाडीत काढली, सकाळी टोइंगनं माझ्याकडं. बॉनेट उघडलं. मूळ हार्नेसला, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याला, मधेच ब्लेडनं सोलून वायरी पिळल्या होत्या आणि वर घरगुती चिकटपट्टी, पुस्तकाला कव्हर घालतो ती. पट्टी उष्णतेनं सुटून लोंबत होती. एचआयडीचा बॅलास्ट, म्हणजे त्या नळीला जादा व्होल्टेज देणारी डबी, रेडिएटरच्या पट्टीला झिपटायनं बांधलेला. झिपटाय वितळून बॅलास्ट खाली पंख्याच्या जाळीवर पडलेला. त्याच लायनीवर प्रेशर हॉर्न, त्याच लायनीवर ग्रिलमधली लाल-निळी लुकलुकणारी पट्टी. मोठा करंट वेगळ्या वाटेनं नेणारा रिले एकही नाही. मग एवढा करंट फ्यूज कसा सोसत होता? फ्यूजबॉक्स उघडला तर १५ अँपिअरच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेली. फ्यूज वारंवार जायचा म्हणून त्याच्या मेकॅनिकनं ‘पर्मनंट’ काम केलं होतं. मी एकेक सांधा कापत गेलो आणि स्टीलच्या ताटलीत टाकत गेलो. एकोणीस निघाले. ती ताटली पोराच्या हातात दिली आणि म्हटलं, घरी ने, आईला दाखव. गाडी जळली नाही हे त्या पावसाचे उपकार.

मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा १ मे २०१७ ला गेला. तो कुठं गेला असं मला वाटायचं, ते तेव्हा ग्रिलमध्ये सापडलं.

बाकीचं पटापट. काळी फिल्म: २०१२ च्या २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मला मनाई केली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूंच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. शिवाय काळ्या फिल्मवाला रात्री गाडी मागं घेताना काय करतो बघितलंयस? काच खाली करतो आणि मुंडकं बाहेर काढतो. मग आत लपून बसायचा खर्च कशाला केला? अनेक सुरांचे हॉर्न नियम ११९ खाली बंद आहेत. गाडी मागं घेताना आरती वाजणारा असेल तर तो पण काढ. पहाटे पाचला तू कामावर निघालास की अख्खी गल्ली टाळ्या वाजवत उठते. अंडरग्लोबद्दल मला काही म्हणायचं नाही. गाडीखालचा रस्ता उजळून तुला काय बघायचंय ते तुझं तुला माहीत.

नंबरप्लेटचं तू लिहिलं नाहीस, पण मनात असेल. त्या कलेबद्दल मला थोडं वाईटच वाटतं. ८०५५ इंग्रजी आकड्यांत लिहून ‘बॉस’, २१४ जरा वाकवून वर रेघ मारली की ‘राम’, ४१४१ चं ‘पापा’. बेकायदा होतं, पण त्यात डोकं होतं, हात होता. आता २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली आणि सगळ्यांचे आकडे एका ठशाचे झाले. आमच्याकडचा एक रेडियमवाला पेंटर आता लग्नाच्या गाडीवर नावं कापतो.

ताईच्या नव्या गाडीला सीटकव्हर आणि डॅशबोर्डला गणपती बसवायचंही शेवटी विचारलंस. सीटच्या कडेला एअरबॅगचा छोटा टॅग शिवलेला असतो. तो असेल तर साधं जाड कव्हर चढवू नकोस, एअरबॅग त्याच शिवणीतून फाडून बाहेर येते आणि कव्हरनं ती अडते. गणपती बसव, पण डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर जिथं एअरबॅग लिहिलंय त्या झाकणावर चिकटवू नकोस. धडक झाली तर ते झाकण डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतं आणि त्यावर जे असेल ते समोर बसलेल्याच्या तोंडावर येतं. देवाला असल्या कामाला लावू नये. आणि मामाच्या बोलेरोला पुढं जाडजूड लोखंडी बुलबार आहे म्हणालास. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना ते काढायला लावायला सांगितलंय. गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का खायला बनवलेला असतो. बुलबार तो धक्का न चेपता थेट चासीला पोचवतो आणि समोर पायी चालणाऱ्याच्या मांडीला तर विचारू नकोस. मामाला तू सांग, माझं ऐकत नाहीत.

दंडाचं एकदा मोजून दाखवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीनं नोंदवलेल्या रचनेत फरक पडेल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुझी यादी आठ कलमांची. सगळी त्यात बसवली तर ४० हजार. म्हणजे बजेटच्या निम्मी रक्कम बसवायला आणि निम्मी बसवल्याबद्दल. आणि वायरिंगला हात लावलेली गाडी पेटली तर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा ते सांधेच शोधतो.

मग ८० हजारांचं काय करायचं? वरच्या मॉडेलच्या, म्हणजे झेडडीआयच्या, १५ इंची कंपनी अलॉय सेकंडहँड मिळतात. त्यावर १८५/६५ चे चांगले टायर. व्यास ६२१, भिंत १२० मिलिमीटर, फेंडरला घासत नाही, गाडी उभी राहते पण ऐटीत. सगळ्यात मोठा फरक तिथंच दिसेल. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून घे, कंपनीच्या वॅटचाच चांगला एच४ बल्ब घाल आणि रिलेसकट वेगळी वायरिंग. इतक्या वर्षांत वायर कुजून बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतच नसतं. उजेड बघून तूच विचारशील, एचआयडी कधी बसवली? मग सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड, पुढचे ब्रेक पॅड, मागचे ड्रम साफ. पांढऱ्या गाडीला रबिंग आणि पॉलिश. हॉर्न हवाच असेल तर दुहेरी विंडटोनचा, सूर न बदलता बोलणारा. हे सगळं करून माझ्या अंदाजानं थोडे पैसे उरतील. त्यात एक लाड कर. मागच्या काचेच्या कोपऱ्यात रेडियमवाल्याकडून लहानसा मोर कापून घे, किंवा आईचं नाव. त्याला ‘काम काय, दाखव की’ असं मी विचारणार नाही.

सोमवारी आलास तर बरं, गर्दी कमी असते. आणि स्पॉयलर आधीच विकत घेऊन ठेवला असशील तर टाकू नकोस, घेऊन ये. भिंतीवर शेजारी अजून एकाची जागा आहे. पावसाळा जवळ आलाय, आणि बाब्याची फडकी आता एका पंखावर मावत नाहीत.